शनिवारचा पाव आणि रविवारची विश्रांती: उपासना, लाँग रन आणि घरचे बेकिंग एकाच आठवड्यात बसवताना

पहाटेचे दोन तास शांत असतात आणि त्यांच्यावर तीन जण हक्क सांगत असतात: प्रार्थना, धावण्याचा सराव आणि रात्रभर फुगलेले पीठ. या तिन्ही गोष्टी मनापासून करू पाहणारा माणूस सहसा एकच चूक करतो, ती म्हणजे तो आणखी लवकर उठू लागतो. पाचाचे साडेचार होतात, साडेचाराचे चार होतात आणि तीन-चार आठवड्यांत झोप इतकी आक्रसते की प्रार्थनेत डुलकी लागते, पाय जड पडतात आणि मीठ घातले की नाही ते आठवत नाही. मी हे सगळे केलेले आहे. या लेखातली पद्धत त्याच्या उलट दिशेने जाते. दिवसाला नवे तास जोडायचे नाहीत, तर एका कामातल्या वाट पाहण्याच्या वेळात दुसरे काम ठेवायचे. दोन पावांच्या पिठाला आपले हात लागतात तो वेळ जेमतेम तासभराचा असतो. उरलेला जवळजवळ संपूर्ण दिवस पीठ आपले आपण काम करत असते, आणि आपल्याला तेव्हा तिथे उभे राहण्याची गरज नसते.

सलग अर्धा तास न थांबता धावता येते, घरात ओव्हन आणि फ्रीज आहे आणि रविवारची उपासना चुकवायची नाही, अशा व्यक्तीला समोर ठेवून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. धावण्याची सुरुवातच करायची असेल, तर आधी दोन-तीन महिने चालणे आणि हळू धावणे आलटून पालटून करावे आणि मगच इथे यावे.

रविवारपासून मागे मोजायला सुरुवात करा

कागदावर आठवडा मांडताना बहुतेक जण सोमवारपासून लिहायला बसतात. तसे न करता रविवारचा रकाना सर्वांत आधी भरावा आणि त्यात उपासना, जेवण आणि विश्रांती एवढेच लिहावे. बायबलमधल्या निर्गमाच्या १६ व्या अध्यायात मान्नाची, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाकडून रोज मिळणाऱ्या अन्नाची, जी व्यवस्था सांगितली आहे, ती स्वयंपाकघराच्या दृष्टीने फार नेमकी आहे. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करा, जे भाजायचे ते भाजून घ्या, शिजवायचे ते शिजवून घ्या आणि उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, कारण सातव्या दिवशी शेतात काही मिळणार नाही. तिथला विसावा आदल्या दिवशीच्या कामावर उभा आहे. ख्रिस्ती मंडळी रविवार पाळत असल्यामुळे आपल्यासाठी हा सहावा दिवस शनिवार ठरतो, म्हणून भाजणे आणि लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, ही दोन्ही मोठी कामे शनिवारी दुपारपर्यंत संपली पाहिजेत.

यानंतर मागे यावे. शनिवारी सकाळी लाँग रन असेल तर शुक्रवारी धावणे नको आणि शुक्रवारची झोप पुरी हवी. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी मळलेले पीठ रात्री सव्वानऊपर्यंत फ्रीजमध्ये गेले पाहिजे. म्हणजे खमीर शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत तयार हवे. म्हणजे ते गुरुवारी रात्री जागे करायला हवे. मधल्या दिवसांपैकी मंगळवारी चाळीस-पंचेचाळीस मिनिटे हळू धावावे, बुधवारी वेगाचा सराव करावा आणि गुरुवारी पुन्हा हळू धावावे. सोमवारी शक्तीचे व्यायाम वीस मिनिटे पुरेत. एकूण धावण्याच्या वेळापैकी सुमारे ८० टक्के वेळ हळू आणि उरलेला वेगाने, हे प्रमाण लांब पल्ल्याचे धावपटू सर्वसाधारणपणे पाळतात आणि हौशी माणसालाही ते मानवते.

गुरुवार रात्र: खमीर जागे करणे

खमीर म्हणजे पीठ आणि पाणी यांच्या मिश्रणात वाढवलेल्या रानटी यीस्टची आणि लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंची वसाहत. ते घरी तयार करायला एक ते दोन आठवडे लागतात: गव्हाचे सालासकट पीठ आणि पाणी समान वजनाने मिसळून झाकून ठेवायचे, आणि रोज थोडा भाग ठेवून, बाकीचा काढून, पुन्हा तेवढेच ताजे पीठ-पाणी घालायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अचानक जोरात फसफसते आणि मग एकदम थंड पडते. पुष्कळ जण नेमके याच ठिकाणी ते मेले असे समजून फेकून देतात. सुरुवातीचा फेस इतर जिवाणूंचा असतो; मिश्रण पुरेसे आंबट झाले की ते मागे पडतात आणि यीस्टला जागा होते. रोज पीठ-पाणी घालत राहावे. खमीर ठरावीक वेळात दुप्पट होऊ लागले आणि सलग तीन-चार दिवस तसेच वागले, की ते वापरायला तयार झाले.

तयार खमिराची बरणी आठवडाभर फ्रीजमध्ये राहते. गुरुवारी रात्री झोपण्यापूर्वी त्यातले २० ग्रॅम खमीर घेऊन त्यात २० ग्रॅम पीठ आणि २० ग्रॅम पाणी घालावे व ओट्यावर ठेवावे. शुक्रवारी सकाळी कामावर निघताना या ६० ग्रॅमपैकी ३० ग्रॅम नव्या बरणीत भरून लगेच फ्रीजमध्ये टाकावे. हे पुढच्या आठवड्याचे बी आहे. ते आधी बाजूला काढावे, नंतर नव्हे, कारण घाईत सगळेच्या सगळे खमीर पिठात मिसळून टाकणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांत मीही आहे. उरलेल्या ३० ग्रॅममध्ये १०० ग्रॅम पीठ आणि १०० ग्रॅम साधे पाणी मिसळावे आणि भांड्याला रबर बँड लावून पातळीची खूण करावी. खोलीचे तापमान २४-२५ अंश सेल्सिअस असेल तर सात ते नऊ तासांत ते वर चढून घुमटाकार होते. खोली गरम असेल तर फ्रीजमधले थंड पाणी वापरावे, नाहीतर आपण परत येईपर्यंत ते चढून उतरलेले असते.

येशूने खमिराचा दृष्टान्त सांगितला तो मत्तयाच्या १३ व्या अध्यायात एका ओवीत मावतो: एका स्त्रीने खमीर तीन मापे पिठात लपवले आणि सगळे फुगून गेले. तीन मापे पीठ एका कुटुंबाच्या जेवणाला लागते त्याच्या कितीतरी पट आहे. ती बाई एकट्या घरासाठी पीठ भिजवत नव्हती, हे खमीर हाताळणाऱ्याच्या चटकन ध्यानात येते. दोन पावांचे प्रमाण पुढे दिले आहे, ते त्याच कारणाने.

शुक्रवार संध्याकाळ: मळणे, घड्या घालणे आणि वेळेत झोपणे

दोन पावांसाठी १००० ग्रॅम पीठ, ७०० ग्रॅम पाणी, २०० ग्रॅम खमीर आणि २० ग्रॅम मीठ लागते. पिठापैकी ७०० ग्रॅम पावासाठीचे जास्त ग्लुटेन (गव्हातले चिवट प्रथिन) असलेले पांढरे पीठ आणि ३०० ग्रॅम सालासकट गव्हाचे पीठ घ्यावे. कप-वाट्यांच्या मापाने हे काम होत नाही, डिजिटल काटा घ्यावाच.

साडेपाचला पीठ आणि पाणी कोरडा भाग राहणार नाही इतपत मिसळून झाकून ठेवावे. या पाऊण तासात पीठ पाणी पिऊन घेते आणि ग्लुटेनची जाळी न मळताच बांधली जाऊ लागते. हाच वेळ संध्याकाळच्या प्रार्थनेचा. सव्वासहाला खमीर मिसळावे, पावणेसातला मीठ. मीठ शेवटी घालायचे असल्यामुळे ते विसरण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून वजन करून वाटीत घेऊन परातीच्या शेजारीच ठेवावे आणि वाटी रिकामी दिसल्याशिवाय ओटा आवरू नये.

सव्वासातपासून दर अर्ध्या तासाने एक अशा घड्यांच्या चार फेऱ्या करायच्या. हात पाण्याने ओले करावेत. पिठाची एक कड चार बोटांनी खालून धरून फाटणार नाही इतकी वर ओढावी, पलीकडच्या बाजूवर आणून टाकावी, भांडे पाव वळसा फिरवावे आणि पुन्हा तेच करावे. चार बाजूंच्या चार घड्या म्हणजे एक फेरी, आणि एका फेरीला एक मिनिटही लागत नाही. पहिल्या फेरीला पीठ चिकट आणि ढिले असते, बोटांना लोंबते, आणि यातून काही होणार नाही असे वाटते. तिसऱ्या फेरीला ते हाताखाली ताठ होऊ लागते, ओढताना थोडे मागे खेचते आणि भांड्याच्या कडेपासून सुटून येते. हा बदल एकदा बोटांना कळला की घड्याळाकडे फार बघावे लागत नाही.

शेवटच्या फेरीनंतर अर्ध्या तासाने, साधारण सव्वानऊला, पीठ एक तृतीयांश वाढलेले दिसले की झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. ते थंड होईपर्यंत आणखी थोडे फुगते आणि मग मंदावते. एवढे मोठे भांडे फ्रीजमध्ये मावते की नाही, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. पावणेदहाला अंथरुणात असावे.

इथे माझी एक फसगत सांगते. पूर्वी मी पीठ फ्रीजमध्ये न ठेवता पहाटे भिजवून ओट्यावर ठेवायचे आणि धावायला जायचे. हिशोब चोख होता: धावायला दोन तास, पिठाला चार तास. एका शनिवारी मात्र बावीस किलोमीटरनंतर पोटरी आखडली, उरलेले अंतर चालत यावे लागले, त्यात उकाडा होता, आणि घरी पोहोचले तेव्हा पीठ परातीची कड ओलांडून ओट्यावरून खाली उतरत होते. त्याला आंबूस, दारूसारखा वास येत होता आणि आकार देऊ गेले तर ते हातात फाटत होते. ग्लुटेन गेलेले होते. त्या दिवशी तव्यावर चपटे काहीतरी भाजून आम्ही भागवले. धाव किती लांबेल हे शरीर ठरवते आणि पीठ किती वेगाने फुगेल हे हवा ठरवते. त्यामुळे या दोघांपैकी एकाला तरी थंड जागी बांधून ठेवलेच पाहिजे.

शनिवार पहाट: लाँग रन

पीठ फ्रीजमध्ये निवांत असल्यामुळे अर्धा तास इकडे-तिकडे झाला तरी चालते. पहिल्या आठवड्यात साठ मिनिटांपासून सुरुवात करावी, दर आठवड्याला दहा ते पंधरा मिनिटे वाढवावीत आणि दर चौथ्या आठवड्यात सुमारे एक तृतीयांश कमी करावे. शरीर ज्या आठवड्यात ताण घेते त्या आठवड्यात बळकट होत नाही, तर नंतरच्या विश्रांतीत होते, म्हणून हा चौथा आठवडा आळसाचा समजून गाळू नये. हौशी धावपटूने मॅरेथॉनच्या, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीतसुद्धा सरावाची धाव तीन तासांच्या फार पुढे नेऊ नये. तिथून पुढे फायदा थोडा वाढतो आणि दुखापतीचा धोका बराच. शर्यतीआधीचे दोन ते तीन आठवडे अंतर कमी करत आणावे.

लाँग रनचा वेग हळूच असावा, आणि तो हळू आहे की नाही हे ओळखण्याची प्रचलित कसोटी म्हणजे बोलता येते का ते पाहणे. मी त्यासाठी प्रभूची प्रार्थना वापरते. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' पासून आमेनपर्यंत ती मोठ्याने, नेहमीच्या लयीत म्हणता आली पाहिजे. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या ठिकाणी मध्येच श्वास तोडावा लागत असेल तर वेग जास्त आहे. तो कमी करावा, गरज पडली तर चालावे. बुधवारच्या वेगाच्या सरावात याच कसोटीवर दोन-तीन शब्दांपलीकडे जाता येऊ नये.

धावताना प्रार्थना

धावताना प्रार्थना करणे सोपे आहे असे पुष्कळांना वाटते, पण अनुभव असा की पहिली वीस मिनिटे मन कामांच्या यादीतच फिरत असते. त्याला फरफटत आणू नये. पहिला टप्पा गप्प राहावे, श्वास स्थिर होऊ द्यावा. त्यानंतर पाठ असलेले एक स्तोत्र घ्यावे. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे 'आरोहणस्तोत्रे' म्हणून ओळखली जातात. ती यात्रेकरूंची, चालणाऱ्या माणसांची स्तोत्रे आहेत आणि १३२ वे सोडले तर सगळी आखूड असल्यामुळे पायांच्या तालात बसतात. आठवड्याला एक पाठ केले तर मॅरेथॉनच्या सोळा आठवड्यांच्या सरावात पंधराही पुरी होतात आणि एक आठवडा हाताशी राहतो.

मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी दर किलोमीटरला एक नाव, ही सर्वांत टिकाऊ पद्धत मला वाटते, कारण थकव्यात लांब वाक्ये सुचत नाहीत, पण एक माणूस आठवता येतो. शेवटच्या थकलेल्या टप्प्यासाठी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेतली येशूची प्रार्थना आहे: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा' हे श्वास घेताना आणि 'मज पाप्यावर दया कर' हे सोडताना. रहदारीच्या रस्त्यावर कानात काही घालून स्तोत्रे ऐकू नयेत. आणि छातीत दुखणे, भोवळ किंवा एकाच जागी टोचणारे हाडाचे दुखणे सुरू झाले, तर ते प्रार्थनेने सोसायचे दुखणे नव्हे. तिथे थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे.

शनिवार दुपार: आकार देणे आणि भाजणे

धावून आल्यावर आधी खावे, कपडे बदलावेत, मग पीठ बाहेर काढावे. नऊच्या सुमारास ते घट्ट आणि गार असते. त्याचे दोन भाग करून सैल गोळे करावेत, अर्धा तास झाकून ठेवावेत आणि मग पृष्ठभाग ताणला जाईल असा पक्का गोल आकार देऊन, पीठ भुरभुरलेल्या कापडाच्या टोपलीत उलटे ठेवावे. थंड पीठ सावकाश जागे होते, म्हणून त्याला दोन ते तीन तास लागतात. हे तास झोपण्याचे आहेत. लाँग रननंतरची दुपारपूर्वीची झोप आणि पावाचे फुगणे एकाच वेळी होते, हा या वेळापत्रकातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

पीठ भरल्या बोटाने टोपलीतला गोळा हलके दाबावा. खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला तर भाजायची वेळ झाली. झटकन भरला तर अजून थांबावे. मुळीच भरला नाही तर उशीर झाला आहे, लगेच भाजावे. एकाच भांड्यात दोन पाव भाजायचे असतील तर दुसरी टोपली फ्रीजमध्ये ठेवावी. झाकणाचे जाड लोखंडी भांडे ओव्हनमध्ये ठेवून २५० अंशांवर पाऊण तास तापवावे, गोळा त्यात उतरवून धारदार पात्याने वर एक चीर द्यावी, झाकण लावावे आणि तापमान २३० अंशांवर आणावे. झाकणाखाली वीस मिनिटे पिठातली वाफ कोंडून राहते, त्यामुळे पापुद्रा लवकर कडक होत नाही आणि पाव उसळी घेऊ शकतो. त्यानंतर झाकण काढून वीस ते पंचवीस मिनिटे गडद तपकिरी होईपर्यंत भाजावे. थर्मामीटर असेल तर आतले तापमान ९६ ते ९८ अंश यावे. थकलेल्या हातांनी तापलेले लोखंड उचलायचे असते, म्हणून जाड हातमोजे ओव्हनवरच ठेवावेत आणि काढलेल्या झाकणावर एक फडके टाकावे, म्हणजे ते गरम आहे हे घरातल्या इतरांना कळते.

भाजून झाल्यावर निदान दोन तास जाळीवर ठेवावा. आतला स्टार्च अजून घट्ट होत असतो. गरम कापला तर सुरीला चिकट लगदा लागतो आणि सगळे खापर खमिरावर फुटते.

खाणे आणि झोप

संदेष्टा एलीयाची गोष्ट लांब पल्ल्याच्या माणसाने एकदा स्वयंपाकघरात उभे राहून वाचावी. १ राजे, १९ व्या अध्यायात तो रानात, मरण मागून, झुडपाखाली झोपी जातो. देवदूत त्याला उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नसते, आणि मग त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री चालतो. इथे उपदेश नंतर येतो. आधी झोप, अन्न, पुन्हा झोप, पुन्हा अन्न.

लाँग रनच्या सकाळी खाण्यासाठी त्या दिवशीचा पाव तयार नसतो, म्हणून मागच्या आठवड्याचा पाव कापून, चकत्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. नुसत्या फ्रीजमध्ये ठेवू नये. त्या तापमानाला पाव ओट्यावर ठेवल्यापेक्षाही लवकर शिळा होतो. निघण्याआधी दीड-दोन तास उठणे जमत नसेल तर मध लावलेल्या एक-दोन भाजलेल्या चकत्या पुरतात. पोट नाजूक असेल तर या वेळेसाठी सालासकट पिठाचा पाव टाळावा. दीड तासापेक्षा जास्त धावायचे असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत आणि ती सरावातच घेऊन पाहावीत. पाणी तहानेप्रमाणे प्यावे, कारण तासन्‌तास गरजेपेक्षा जास्त साधे पाणी पीत राहिल्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. परत आल्यावर कर्बोदकांबरोबर २० ते ३० ग्रॅम प्रथिने मिळतील असे जेवण घ्यावे; नुसत्या पाव-लोण्यावर भागवू नये, मोह कितीही झाला तरी.

उपवासकाळ

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. पाश्चात्त्य मंडळींत ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो, त्यामुळे वसंतातल्या शर्यतीचे नाव नोंदवण्याआधी त्या वर्षीची तारीख पाहावी. शर्यतीचे सर्वांत कष्टाचे आठवडे आणि उपवास एकमेकांवर आले, तर दोन्ही अर्धवट होतात.

उपवासाच्या दिवशी लाँग रन किंवा वेगाचा सराव ठेवू नये. चालावे, किंवा अर्धा तास अगदी हळू धावावे. मधुमेह, गर्भारपण, स्तनपान किंवा खाण्याच्या विकाराचा पूर्वेतिहास असेल तर अन्नाचा उपवास करू नये. आपल्या डॉक्टरांशी आणि पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोलून दुसरा त्याग निवडावा. याहून अवघड धोका वेगळाच आहे. धावणाऱ्यांमध्ये वजन कमी ठेवण्याचा हव्यास असतो आणि त्याला उपवासाचे पवित्र नाव सहज देता येते. सतत कमी खाऊन जास्त धावल्याने पाळी बंद होणे, हाडांना सूक्ष्म तडे जाणे, सारखी थंडी वाजणे, वारंवार आजारी पडणे अशी लक्षणे दिसतात. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला 'खेळातील सापेक्ष ऊर्जाकमतरता' अशा अर्थाचे नाव दिले, आणि ती पुरुषांनाही होते. उपवासाच्या दिवशी वजनकाट्यावर उभे राहावेसे वाटले, तर तो उपवास कोणासाठी चालला आहे हे तिथेच कळते. धावपटूसाठी मला अधिक अर्थपूर्ण वाटलेला त्याग म्हणजे चाळीस दिवस घड्याळ घरी ठेवणे: अंतर, वेग, नाडी, इतरांशी तुलना, सगळे बंद. पहिल्या आठवड्यात मनगट सारखे वर उचलले जाते.

शर्यत रविवारी असेल तर

पुष्कळ मोठ्या शर्यती रविवारी सकाळीच असतात, त्यामुळे हा प्रश्न टळत नाही. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यांचे उदाहरण पुष्कळांना ठाऊक असते: १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी असल्यामुळे त्यांनी ती शर्यत सोडली आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. पुढे ते चीनमध्ये मिशनरी झाले आणि १९४५ साली तिथल्या नजरकैदेच्या छावणीत वारले. त्याच छावणीत, रविवारच्या खेळात मुले भांडू लागली तेव्हा ते स्वतः पंच म्हणून उभे राहिले, असे तिथे राहिलेल्यांनी सांगितले आहे. मला या दोन्ही प्रसंगांतले लिडेल एकच वाटतात, आणि मार्काच्या २ ऱ्या अध्यायात शब्बाथ (विसाव्याचा दिवस) मनुष्यासाठी झाला असे येशू म्हणतो, त्याच्याशी ते जुळतात.

व्यवहारात तीन मार्ग आहेत. शनिवारच्या शर्यती शोधाव्यात. किंवा वर्षातून एकच रविवारची शर्यत ठरवून, त्या दिवशीची संध्याकाळची उपासना आधीच नक्की करावी. कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पूर्ण करता येते. किंवा शर्यत सोडावी आणि त्याबद्दल इतरांना कमी लेखू नये. दर रविवारचा लाँग रन मात्र मी कोणालाच सुचवणार नाही, कारण अपवाद आणि सवय यांत फरक असतो.

आठवडा कोलमडला की

आजारपण, पाहुणे, कामाची मुदत, काहीतरी येतेच. अशा वेळी काय आधी सोडायचे ते शांत डोक्याने आधीच ठरवलेले असावे. सर्वांत आधी बुधवारचा वेगाचा सराव जाऊ द्यावा. मग पाव: पीठ भिजले नसेल तर खमीर फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे बिनबोभाट राहते, आणि भिजले असेल तर गार पीठ आणखी एक दिवस थांबते, फक्त जास्त आंबट होते. मग लाँग रन अर्धा करावा. चुकलेले अंतर पुढच्या आठवड्यात भरून काढू नये, तसे करण्यातूनच दुखापती होतात. झोप आणि उपासना यांना हात लावू नये.

दुसरा पाव

दोन पावांतला एक घरचा नाही. तो उपासनेनंतर कोणाला द्यायचा ते शनिवारीच ठरवावे, नाहीतर तो परत घरी येतो आणि मंगळवारपर्यंत संपतो. प्रभुभोजनासाठी म्हणून तो न विचारता नेऊ नये: लॅटिन कॅथलिक परंपरेत फक्त बेखमीर गव्हाची भाकर वापरतात, ऑर्थोडॉक्स परंपरेत खमिराची, आणि इतर मंडळींत त्यांची त्यांची रीत असते. ज्याला द्यायचा त्याच्या घरी गहू किंवा ग्लुटेन न चालणारे कोणी आहे का, ते विचारून घ्यावे. दातांनी अधू झालेल्या वृद्धासाठी असेल तर झाकण काढल्यानंतरची भाजणी पाच-सात मिनिटांनी कमी करावी आणि ओव्हनमधून काढल्याबरोबर पाव स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून ठेवावा. आतली वाफ फडक्यात अडकून रविवारी सकाळपर्यंत वरचे कवच इतके मऊ होते की ते हातानेही तोडता येते.